टेपवरचा सॅक्सोफोन

पप्पांनी हेडफोन कानाला लावला न लावला तोच काढला, वरणाच्या वाटीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "झालं माझं जेवण."

"पप्पा, अजून वाजायला सुरुवातही झाली नाही. आधी नुसती लोकांची खोकाखोकी आहे."

"खोकाखोकी मी रोज ऐकतो. स्वतःचीच." ते उठले आणि भिंतीला धरत मोरीकडे गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

लॅपटॉपच्या पडद्यावर कोलोनहून मथायस आशेनं बघत होता. आवडलं का त्यांना, असं त्यानं इंग्रजीत विचारलं.

"फार भावनावश झालेत," मी थाप मारली.

मोरीतून चूळ भरल्याचा मोठा आवाज आला. मथायसनं तोही आदरानं ऐकून घेतला.

मथायस जुन्या, लोकांच्या विस्मरणात गेलेल्या मैफलींच्या रेकॉर्डी काढायचा. कंपनी म्हणजे तो, त्याची बायको आणि एक गोदाम. पंचाहत्तर साली पुण्यात, कॅम्पातल्या एका लहानशा हॉलमध्ये माझ्या वडिलांचा कार्यक्रम झाला होता. तेव्हा पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या एका बाईंनी तो स्पूलच्या टेपवर घेऊन ठेवला. बाई म्हाताऱ्या होऊन आपल्या देशात वारल्या, भाच्यानं घर आवरलं आणि ती टेप फिरत फिरत मथायसच्या हाती लागली. डब्यावर लिहिलं होतं, 'शांतवन पगारे, सॅक्सोफोन'. त्या नावाचा माग काढत तो माझ्यापर्यंत पोचला. अशा वाजवण्याला तो 'स्पिरिच्युअल जाझ' म्हणायचा. वाद्य जाझचं, पण माणूस प्रार्थनेला बसल्यासारखा वाजवतो, असं काहीतरी त्यानं मला समजावलं होतं.

"स्पिरिच्युअल कसलं डोंबलाचं," असं पप्पा म्हणाले होते.

मी पप्पांना चांगलं वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. मला कळायला लागलं तेव्हा ते मुंबईतलं हॉटेलातलं आणि स्टुडिओतलं वाजवणं सगळं सोडून नगरला मिशनच्या शाळेत मुलांचा बँड बसवत होते. नाताळात सॅक्सोफोन पेटीतून निघायचा, चर्चमध्ये दोन गीतं व्हायची, परत पेटीत. बरं वाजवायचे. बरं म्हणजे बरंच, त्यापलीकडे काही नाही. आणि मग मथायसनं मेलवर पाठवलेली त्या टेपची नक्कल मी पुण्याच्या माझ्या स्वयंपाकघरात लावली. कणीक मळताना हात थांबले ते थांबलेच. एवढं सगळं ह्या माणसाच्या आत होतं, आणि ह्यानं आम्हाला आयुष्यभर 'सा रे ग म नीट म्हणा' एवढंच ऐकवलं?

तेव्हा पप्पांची फुफ्फुसं पार थकली होती. डॉक्टर माझ्याशी बोलायचे ते माझ्याकडे न बघता एक्स-रेकडे बघून. मला ती रेकॉर्ड पप्पा असताना निघायला हवी होती. त्यांच्या हातात पडायला हवी होती. मथायसला दोनच गोष्टी लागत होत्या, करारावर वादकाची सही आणि त्या संध्याकाळची चार ओळींची आठवण, वादकाच्याच शब्दांत. रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यातली तारीख त्यानं मोठ्या मिनतवारीनं मिळवली होती. महिनाअखेरीपर्यंत कागद पोचले नाहीत तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि पुढची कधी मिळेल ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"सही करायला तुम्हाला काय होतंय?" पप्पा टॉवेलला हात पुसत आले तसं मी विचारलं.

"माझा चष्मा सापडत नाही."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

तेवढ्यात दौलतकाका आले. पप्पांचे लहानपणापासूनचे मित्र, दौलत अवघडे. एकाच मास्तरांकडे दोघं वाजवायला शिकले. पप्पा मुंबईला गेले तेव्हा दौलतकाकाही दोन वर्षं त्यांच्या भायखळ्याच्या खोलीवर राहिले, स्टुडिओत मिळेल ते काम केलं. मग नगरला परतून त्यांनी लग्नाच्या ब्रास बँडमध्ये जन्म काढला. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, वेळ पडली तर ट्रम्पेटसुद्धा. आता बँड बंद पडला होता, पुढचे दात गेले होते, आणि ते रोज दुपारी आमच्याकडे येऊन पप्पांशी भांडत होते.

"काय गं पोरी, झाली का सही?"

"तुम्हीच सांगा आता यांना."

"शांत्या, लेका, त्वांड वर करून बघ की. जर्मनीचा माणूस दारात येऊन बसलाय आन तुला काय धाड भरलीय?"

"तू गप्प बस, दौल्या."

"मी ऐकू का?" दौलतकाकांनी मला विचारलं. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला. पप्पा एकदम वळून बघायला लागले. दौलतकाकांनी डोळे मिटले आणि सबंध टेप, चांगली पाऊण तासाची, एका जागी बसून ऐकली. चहा निवून गेला. मांडीवर त्यांची बोटं तेवढी हलत होती. मध्ये एकदाच त्यांनी एका कानावरचा हेडफोन उचलला.

"टाळ्या हायेत का गं शेवटी?"

"आहेत की. बराच वेळ आहेत."

"मंग ठीक हाय." आणि परत डोळे मिटले.

मला वाटलं, मित्र असावा तर असा.

पुढचे तीन रविवार मी पुण्याहून नगरला एसटीनं हेलपाटे घातले. मी एका दवाखान्याच्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होते. आठवड्यातून एक सुट्टी, ती या कामी खर्ची पडत होती. पप्पांची कारणं संपत नव्हती. आज हात थरथरतोय. आज चर्चची मीटिंग आहे. करार इंग्रजीत आहे, मराठीत करून आण. मराठीत करून नेला तर म्हणाले, अक्षर बारीक आहे. मोठ्या अक्षरात नेला तर झोपून राहिले. झोपलेले नव्हते; झोपलेला माणूस चोरून एक डोळा उघडत नाही.

"तुम्हाला नकोय तर नको म्हणा ना सरळ!" मी शेवटी ओरडले. "कारण तरी सांगा!"

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना."

हॉलच्या भिंतीवर मम्मीनं फ्रेम करून लावलेलं कात्रण होतं. त्या कार्यक्रमावर एका इंग्रजी पेपरात आलेलं परीक्षण. 'मिस्टर पगारे यांनी सॅक्सोफोनमधून माणसाचा श्वास ऐकवला', असं त्यात लिहिलं होतं. मम्मी पाहुण्यांना ते वाचून दाखवायची आणि पप्पा तेवढ्यात काहीतरी आणायला बाहेर जायचे. मम्मी जाऊन सहा वर्षं झाली होती. ती असती तर हाताला धरून सही करून घेतली असती, असं माझ्या मनात येई आणि मी आणखी चिडे.

तिसऱ्या रविवारी मी पाळकसाहेबांनाच उपासनेनंतर घरी घेऊन आले. साहेब गोड बोलण्यात तरबेज.

"शांतवनभाऊ, देवानं दिलेलं दान झाकून ठेवू नये," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी ते जगापुढे येतंय, ही त्याचीच योजना."

पप्पांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, त्या टेपवर मी नाही हो."

दौलतकाका कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि पप्पांकडे असं बघितलं, की मला वाटलं आता उठून मारतात.

"बघा!" पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "ही नम्रता! मी नाही, माझ्यातून त्यानं वाजवलं. सुवार्ता, तुझ्या वडिलांनी साक्ष दिली बघ आज."

मलाही गहिवरून आलं. पप्पा साहेबांकडे, मग दौलतकाकांकडे बघत राहिले. मी मूर्खासारखं ते वाक्य त्याच दिवशी मथायसला कळवलं. तो तर वेडाच झाला. 'त्या टेपवर मी नाही' हे कव्हरवर मोठ्या अक्षरात छापू म्हणाला. फक्त सही तेवढी पाठव.

संध्याकाळी मी पाणी भरत होते तर मागच्या अंगणातून दोघा म्हाताऱ्यांचं भांडण ऐकू आलं.

"तुझं काय जातंय सही केली तर?" दौलतकाका.

"माझंच जातंय, दौल्या."

"आरं, पर मला..." आणि मी आल्याची चाहूल लागून दोघंही पेरूच्या झाडाला कीड किती लागलीय ते बघायला लागले.

महिन्यातला शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मथायसला सही केलेले कागद हवे होते. मी एसटीत बसले तेव्हाच ठरवलं होतं, आज विचारायचं नाही, विनवायचं नाही. पिशवीत शेजाऱ्यांकडून मागून आणलेला मोठा स्पीकर होता.

दुपारी पप्पा खुर्चीत बसून नेब्युलायझरची वाफ घेत होते. तोंडावर मास्क, नळी मशीनला जोडलेली. दौलतकाका नेहमीच्या जागी. मी काही न बोलता स्पीकर टेबलावर ठेवला, वायर जोडली आणि टेप लावली. दुष्टपणा होता. वाफ चालू असताना त्यांना उठून जाता येणार नव्हतं, ते मला पक्कं माहीत होतं.

खोकाखोकी झाली. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग सॅक्सोफोनचा एकच खालचा सूर आला, लांब, श्वास संपेपर्यंत धरलेला. पप्पांनी मास्ककडे हात नेला आणि तो तिथंच राहिला.

ते वाजवणं मला अजूनही नीट सांगता येत नाही. एक साधी धून होती, चार-पाच सुरांची. तो माणूस ती घ्यायचा, अर्ध्यात सोडायचा, परत पहिल्यापासून घ्यायचा. दर वेळी थोडी पुढे जायची. मागे ड्रम नुसते सळसळत होते. मग कुठेतरी धून फुटायची आणि सॅक्सोफोन ओरडायला लागायचा, माणूस एकटा असताना ओरडतो तसा, आणि एवढ्या आकांतातून परत त्याच चार-पाच सुरांवर अलगद येऊन उतरायचा. मथायसनं त्याला 'प्रार्थना' असं नाव द्यायचं ठरवलं होतं.

पप्पांनी मास्क काढला. मशीन घरघरत राहिलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. मला वाटलं, जिंकले. विरघळले एकदाचे.

"ऐकलंस?" ते माझ्यावर ओरडले. त्या छातीतून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. "ऐकलंस ना नीट? हे यानं वाजवलंय! या दौल्यानं! आणि सही मी करू?"

मी दौलतकाकांकडे बघितलं. ते उठले होते. त्यांनी बटण-बिटण काही शोधलं नाही, भिंतीतून स्पीकरची पिनच उपटली.

"फोडलंस ना शेवटी," ते म्हणाले. "एवढी वर्सं त्वांड मिटून बसला आन आज फोडलंस."

"मग काय करू? ही पोर माझ्या जिवावर उठलीय!"

"मरायचं व्हतं, पर फोडायचं न्हवतं."

मला काहीच कळेना. नेब्युलायझर बंद करायचं सुचलं तेवढं केलं. मग पप्पांना पाणी दिलं, दौलतकाकांना बळंच खाली बसवलं, आणि म्हटलं, आता मला पहिल्यापासून सांगा.

बँडमध्ये आणि स्टुडिओत एक रीत होती. एखाद्यानं काम घेतलं आणि ऐन वेळी त्याला जाता आलं नाही, तर तो आपली बदली पाठवायचा. बदलीवर गेलेल्यानं त्याचाच गणवेश घालायचा, त्याच्याच नावाला ओ द्यायची. चुकलं तर त्याच्या नावानं शिव्या खायच्या, चांगलं झालं तर शाबासकी त्याला नेऊन द्यायची. आणि नंतर दोघांपैकी कुणीही, कधीही, कुणापाशीही त्याची वाच्यता करायची नाही. ज्यानं केली त्याच्यासाठी पुन्हा कोणी उभं राहत नसे.

"पुण्याचा कार्यक्रम ठरलेला होता," पप्पा म्हणाले. "आणि त्याच संध्याकाळी मुंबईला एका सिनेमाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग लागलं. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या मागे बसून वाजवत होतो. त्या गाण्यात पहिल्यांदा माझ्या एकट्याचा तुकडा होता. एकट्याचा! पुण्याला काय, पन्नास-साठ माणसं येणार, त्यातल्या एकानंही मला पाहिलेलं नाही. मी दौल्याला म्हटलं, जाशील का."

"माझा पांढरा सूट बी न्हवता," दौलतकाका म्हणाले. "याचाच घातला. बाह्या आखूड व्हत्या."

"आणि बाकीचे वादक?"

"त्यांना ठाऊक व्हतं. ती समदी रीतीची माणसं. गेली आता."

"सिनेमा लागला," पप्पा म्हणाले. "पहिल्या दिवशी मी आणि हा बघायला गेलो. गाणं आलं. माझा तुकडा नव्हता. कापला होता."

"त्या जागी हिरोची आई रडत व्हती," दौलतकाका म्हणाले.

हसावं की काय करावं मला कळेना. पप्पा हसत नव्हते.

"मग पेपरात ते छापून आलं. मला बोलावणी यायला लागली. कलकत्ता, दिल्ली. मी गेलो दोनदा. लोक खुर्चीत पुढे सरकून बसायचे. आता ते येईल, आता येईल. ते येणार कुठून? मी वाजवायचो ते माझं, आणि त्यांना हवं होतं याचं. आणि मला हेसुद्धा माहीत नव्हतं, की यानं वाजवलं होतं तरी काय! याला विचारलं तर म्हणे, ध्यानात नाही." त्यांना धाप लागली. "आज ऐकलं. मला वाटायचं, लोक वाढवून सांगतात. नव्हते गं वाढवत."

म्हणून ते नगरला आले होते. म्हणून नाताळात दोनच गीतं. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. कात्रणाखाली बसून केलेला गृहपाठ, मम्मीचं ते पाहुण्यांसमोर वाचणं, माझे सगळे रविवार, सगळ्याचा एकदमच राग आला.

"मम्मीला माहीत होतं?"

"नाही. तिनं ते फ्रेम करून आणलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मी काय सांगणार होतो?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "साधी गोष्ट आहे मग. सही काकांनी करायची. नाव काकांचं घालायचं. मी मथायसला आत्ता फोन करते."

"खबरदार!" दौलतकाका म्हणाले. "माझं नाव न्हाई घालायचं."

"काका, वाजवलंय तुम्ही!"

"बदलीत वाजवलंय. बदलीचं नाव न्हाई काढत. माझं नाव छापलंस तर उद्यापासनं या घराची पायरी चढणार न्हाई. मी शब्द दिलता."

"अहो, कुणाला? ज्यांना दिला त्यांनीच आत्ता मोडला तो!"

"त्यो त्याच्यापाशी. मी न्हाई मोडणार. आन तुला खरं सांगू का पोरी? माझ्या नावानं मला तसं वाजवायला आलंच नसतं. भ्यालो असतो. त्या दिवशी म्हटलं, चुकलं तर शांत्याचं चुकंल." ते पप्पांकडे बघून दात नसलेल्या तोंडानं हसले.

"मग पप्पा, तुम्ही तरी करा सही!"

"दुसऱ्याच्या वाजवण्यावर? आधी एकदा लोकांनी ते माझ्या अंगावर घातलं, तेव्हा मी गप्प राहिलो. आता स्वतःच्या हातानं लिहून देऊ?"

एकाला नाव नको, दुसऱ्याला सही नको. मी हात टेकले. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि ठेवता ठेवता जेवढी भांडी आपटता येतील तेवढी आपटली. या दोघांच्या इमानदारीपायी ती टेप परत डब्यात जाणार होती, आणि मला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटत होती.

चहा घेऊन आले तर दौलतकाका स्पीकरसमोर बसले होते. पिन त्यांच्या हातातच होती.

"सही न्हाई झाली तर त्यो माणूस काय करंल?"

"काय करणार? नाही काढणार रेकॉर्ड."

"दुसरं कोणी?"

"दुसरं कोण विचारतंय, काका? टेप जाईल एखाद्या कपाटात. त्याच्यानंतर कोणीतरी घर आवरताना फेकून देईल."

"म्हंजे कोणीच न्हाई ऐकणार."

"नाही."

त्यांनी चहाला हात लावला नाही. इतके दिवस ते सहीसाठी पप्पांच्या मागे लागले होते ते कशाकरता, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मित्राचं नाव व्हावं म्हणून नव्हे. त्यांना ते वाजवणं लोकांच्या कानावर पडायला हवं होतं. नावाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, पण एवढं मात्र हवं होतं, आणि ते मागायचीसुद्धा त्यांच्या रीतीत सोय नव्हती. त्यांच्या डोळ्यांकडे मला बघवेना.

पिन टेबलावर ठेवून ते म्हणाले, "शांत्या."

"काय?"

"त्या दिवशी तू बोलावलंस. मी तुला का म्हणून इचारलं का?"

"नाही."

"गेलो का न्हाई तुझ्या जागी?"

"गेलास."

"मंग आता मी बोलावतो. मला न्हाई जमत उभं ऱ्हायाला. माझ्या जागी तू ऱ्हा. माझी बदली कर."

पप्पा नुसते दौलतकाकांकडे बघत राहिले. त्यांचा श्वास मला माझ्या जागेवरून ऐकू येत होता.

"आणि लोकांनी विचारलं, कसं वाजवलं, काय वाटलं, तर?"

"मला इचारायचं. मी सांगतो ते तू सांगायचं. बदलीला आजून काय असतं?"

"जमेल मला?"

"न जमायला काय झालं? माझ्यापेक्षा बोलायला तू हुशार."

पप्पांनी मान हलवली. मग माझ्याकडे हात पुढे केला. "आण तो कागद."

रेकॉर्ड निघाली. दोघांनीही ती हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, आणि मागच्या अंगणात त्यांचा मी फोटो काढला. परदेशातून कुणाकुणाचे फोन यायचे. पप्पा दौलतकाकांना शेजारी बसवून घ्यायचे, प्रश्न मराठीत सांगायचे, उत्तर ऐकायचे आणि इंग्रजीत सांगायचे. इतकं छान सांगायचे, की मलाच कधी कधी वाटायचं हे तिथं होते. दीड वर्षांनी पप्पा गेले. दौलतकाका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मी काही बँडमधली नव्हे. त्यांची रीत त्यांच्यापाशी. म्हणून हे सांगते आहे.

पण त्या रविवारी सहीच्या आधी एक काम उरलं होतं. वादकाच्या शब्दांत आठवण. मी वही घेऊन दौलतकाकांसमोर बसले.

"काय लिहू?"

"लिही, मी लई भ्यालो व्हतो. तोंडाला कोरड पडलती." त्यांनी डोळे मिटले. "ही काय त्या जर्मनीवाल्याची प्रार्थना-बिर्थना न्हाई म्हणावं. नवरी सासरी निघती तवा बँड वाजवतो ती धून हाय. मला तेवढीच नीट येत व्हती, म्हणून तिथनं सुरू केली. मंग पुढं काय झालं मला ठावं न्हाई."

मी लिहीत गेले. बोली तेवढी सरळ केली, बाकी काही बदललं नाही. पप्पा खुर्चीत पुढे वाकून एकेक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत होते, पाठ करत असल्यासारखे.

"आन लिही," दौलतकाका म्हणाले, "कोणी नाचलं न्हाई."

माझा हात थांबला.

"अरे, तसल्या कार्यक्रमात नाचतं कोण?" पप्पा म्हणाले. "वाचणाऱ्याला काही कळायचं नाही ते."

"न कळू दे. तू लिही गं. कोणी नाचलं न्हाई, कोणी नोटा उडवल्या न्हाईत, कोणी मागनं ढकललं न्हाई पुढं चला म्हणून. मानसं खुर्चीत बसून व्हती. मी वाजवत व्हतो आन ती ऐकत व्हती."

मी लिहिलं. पप्पांनी वही मांडीवर घेतली, सगळं एकदा वाचलं, कुठेही खाडाखोड न करता. मग पेन मागितलं आणि त्या शब्दांखाली स्वतःचं नाव लिहिलं.